तेल खाऊन प्लास्टिक साठवणारे जिवाणू: पहिली खेप कशी करावी

सगळं नीट जमलं तर साधारण दोन आठवड्यांनी काचेच्या बशीतून एक पातळ, दुधट पापुद्रा अलगद सुटून तुमच्या हातात येईल. तो खनिज तेलापासून बनलेला नसेल. साध्या वनस्पती तेलावर पोसलेल्या जिवाणूंनी तो आपल्या पोटात साठवलेला असेल, आणि मातीत पुरला तर दुसरे जिवाणू तो खाऊन टाकतील. या पदार्थांच्या कुळाला पॉलिहायड्रॉक्सीअल्कनोएट म्हणतात. रोजच्या बोलण्यात आपण पीएचए म्हणू. त्यातला सर्वांत साधा आणि सर्वांत जुना ओळखीचा प्रकार म्हणजे पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे पीएचबी.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. नवखा माणूस इथे अडतो तो प्लास्टिक बनवताना नाही. हाती आलेली वस्तू प्लास्टिकच आहे, उरलेलं तेल नाही, हे ओळखताना तो अडतो. माझ्या पहिल्या खेपेत कोरड्या पेशींच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पीएचए निघालं होतं. दोन दिवस मी तो आकडा अभिमानाने सांगत होतो. तिसऱ्या दिवशी, ज्या टिपकागदावर पापुद्रा ठेवला होता त्यावर तेलाचा गोल, पारदर्शक डाग दिसला. सगळं पुन्हा धुतलं, पुन्हा वाळवलं, पुन्हा मोजलं, आणि आकडा निम्म्याच्या आसपास आला. म्हणून या लेखात तेल धुऊन काढण्याला मी जास्त जागा दिली आहे.

हे काम घरी करायचं नाही. क्लोरोफॉर्म आणि हेक्झेन वापरावं लागतं, त्यासाठी धूर खेचून घेणारं फ्यूम हूड लागतं आणि टाकाऊ द्रावकांची नीट विल्हेवाट लावणारी व्यवस्था लागते. महाविद्यालयाची किंवा संस्थेची प्रयोगशाळा आणि जवळ एखादा अनुभवी माणूस, एवढं असेल तर पुढे वाचा.

जिवाणू हे का करतो

आपण चार घास जास्त खाल्ले की शरीर चरबी साठवतं, तसंच हे आहे. जिवाणूला कर्ब भरपूर मिळतोय, पण नत्र किंवा स्फुरद संपलंय, अशी वेळ आली की त्याला नवी प्रथिनं बनवता येत नाहीत आणि म्हणून वाढताही येत नाही. मग तो आलेला कर्ब वाया न घालवता पीएचबीच्या कणांच्या रूपात पेशीत भरून ठेवतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लमॉन्य यांनी १९२६ मध्ये बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. जिवाणू लायपेज हे विकर बाहेर सोडतो आणि ती मेदाम्लं सुटी करतो. ती आत गेली की दोन-दोन कर्बांचे तुकडे पडत जातात आणि ॲसिटिल-कोए तयार होतं. असे दोन तुकडे जोडून, त्यात हायड्रोजन घालून, शेवटी ओळीने गुंफले की पीएचबीची साखळी तयार होते. या शेवटच्या टप्प्यात तीन विकरं कामाला असतात: एक जोडणारं, एक हायड्रोजन घालणारं आणि एक साखळी विणणारं.

साखर सोडून तेल का घ्यायचं, याचं उत्तर या हिशेबातच आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून दोन ॲसिटिल-कोए मिळतात आणि सहापैकी दोन कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. त्यामुळे १ ग्रॅम ग्लुकोजपासून फार तर ०.४८ ग्रॅम पीएचबी बनू शकतं. मेदाम्लांचे तुकडे पडताना असा कर्ब वाया जात नाही. शिवाय तेलाच्या वजनात कर्ब सुमारे ७७ टक्के असतो, ग्लुकोजमध्ये ४० टक्केच. प्रत्यक्ष प्रयोगांत १ ग्रॅम तेलापासून ०.६ ते ०.८ ग्रॅम पीएचए मिळाल्याच्या नोंदी आहेत. सोयाबीन तेलावर मोठ्या भांड्यात वाढवलेल्या पेशींत कोरड्या वजनाच्या ७० टक्क्यांहून जास्त पीएचए भरलेलं आढळलंय.

जिवाणू निवडताना

पहिल्या खेपेसाठी क्युप्रियाव्हिडस नेकेटर घ्या, त्याचा एच१६ हा वाण. मातीत राहणारा जीव आहे, निरोगी माणसाला तो आजारी पाडत नाही, ३० अंश सेल्सिअसला सुखाने वाढतो आणि लायपेज स्वतःच सोडतो. जिवाणू-संग्रहांमध्ये तो डीएसएम ४२८ आणि एटीसीसी १७६९९ या क्रमांकांनी मिळतो.

शोधाशोध करताना एक अडचण येईल. या बिचाऱ्याचं नाव वारंवार बदललंय. जुन्या लेखांत तो हायड्रोजेनोमोनास युट्रोफा आहे, नंतर अल्कॅलिजिनीस युट्रोफस, मग राल्स्टोनिया युट्रोफा, मधे थोडे दिवस वॉटर्सिया युट्रोफा. जीव तोच. सगळी नावं टाकून शोधलंत तरच पूर्ण साहित्य हाती लागेल.

अजून एक, कारण यात बरेच जण फसतात: मूळ एच१६ वाण ग्लुकोजवर वाढत नाही. फ्रुक्टोजवर वाढतो. तेलासोबत तुलना म्हणून साखरेचा फ्लास्क लावणार असाल तर फ्रुक्टोज घ्या, नाहीतर रिकामा फ्लास्क बघून जिवाणूच मेलाय असं वाटेल.

स्यूडोमोनास प्युटिडा हे नावही सतत कानावर येईल. तो वेगळ्या जातीचं पीएचए बनवतो, रबरासारखं लवचिक. पण बहुतेक वाण तेल फोडू शकत नाहीत. त्यांना आधी साबणीकरण करून सुटी मेदाम्लं द्यावी लागतात, आणि साबण म्हटला की शेकरवर, म्हणजे फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, फेसच फेस. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी तो ठेवा.

तेल

नेकेटरला कुठलंही खाद्यतेल चालतं: सोयाबीन, पाम, सूर्यफूल, खोबरेल. त्याच्या पोटात सगळ्यांचे शेवटी दोन कर्बांचे तेच तुकडे होतात, त्यामुळे तेल बदललं म्हणून पीएचबी बदलत नाही. स्यूडोमोनासमध्ये मात्र मेदाम्लाची लांबी थेट प्लास्टिकच्या घडणीत उतरते. पहिल्या वेळी ताजं, शुद्ध तेल घ्या. जुनं, खवट तेल असेल तर बिघाड तेलामुळे झाला की माध्यमामुळे, हे मग कळत नाही.

तळणीचं वापरलेलं तेल हे माझ्या मते या विषयाचं खरं भवितव्य आहे. ताजं खाद्यतेल प्लास्टिकसाठी वळवणं, त्यासाठी पामच्या लागवडीखाली आणखी जंगल जाणं, हे पटण्यासारखं नाही. वापरलेल्या तेलातली सुटी झालेली मेदाम्लं जिवाणूला उलट सोपी पडतात. पण त्यात अन्नाचे कण, मीठ आणि पाणी असतं. ते गाळून, बसू देऊन, वरचं निवळ घ्यावं लागतं. एकदा शुद्ध तेलाची खेप हातात बसली की त्याकडे वळा.

तेल निर्जंतुक करताना एक बारीक मेख आहे. ऑटोक्लेव्हमधली, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातली, वाफ ओलाव्यामुळे जंतू मारते, आणि बंद बाटलीतल्या कोरड्या तेलात ओलावा पोहोचत नाही. अनेक प्रयोगशाळा तेल ऑटोक्लेव्ह करतात आणि बहुधा निभावतं. पण खात्री हवी असेल तर काचेच्या बाटलीत थोडं तेल घेऊन कोरड्या उष्णतेच्या ओव्हनमध्ये १६० अंशांना २ तास ठेवा.

माध्यम, म्हणजे उपाशी ठेवण्याचं गणित

एक लिटरसाठी: डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ३.३२ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.८ ग्रॅम, युरिया ०.५४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२५ ग्रॅम आणि सूक्ष्म धातूंचं द्रावण १ मिली. या द्रावणात लोह, कॅल्शियम, कोबाल्ट, निकेल, तांबं असे क्षार ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेले असतात. फॉस्फेटचं पाणी १२१ अंशांना १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. मॅग्नेशियम वेगळं ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर मिसळा, एकत्र तापवलं तर पांढरा साका बसतो. युरिया तापवायचा नाही, तो फुटून अमोनिया होतो, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घाला. सामू (पीएच) ६.८ ते ७ च्या आसपास यायला हवा.

आता युरियाचा आकडा ०.५४ का, ते समजून घ्या, कारण सगळा खेळ त्यातच आहे. युरियात नत्र ४६.६ टक्के असतं, म्हणजे लिटरमागे ०.२५ ग्रॅम नत्र. प्लास्टिक वगळता जिवाणूच्या कोरड्या शरीरात नत्र ढोबळमानाने ११-१२ टक्के. तेव्हा या नत्रातून लिटरमागे सुमारे २.२ ग्रॅम इतकंच शरीर बनू शकतं. त्यानंतर वाढ थांबणार. पण तेल आपण लिटरमागे १० ग्रॅम देणार आहोत. ते शरीर घडवायला लागणाऱ्या तेलापेक्षा खूप जास्त आहे. उरलेलं तेल कुठे जाणार? साठ्यात, म्हणजे पीएचबीत. नत्र दुप्पट केलंत तर पेशी जास्त दिसतील, फ्लास्क दाट दिसेल, मनाला बरं वाटेल, आणि प्लास्टिकचं प्रमाण घसरेल. दाट फ्लास्क म्हणजे भरपूर प्लास्टिक, हा समज सुरुवातीलाच सोडून द्या.

अमोनियम क्लोराइडऐवजी युरिया का? जिवाणू अमोनियम आत घेतो तेव्हा बाहेर आम्ल सोडतो आणि सामू खाली घसरतो. युरिया फुटताना आलेला अल्कलीपणा ते आम्ल बरंचसं भरून काढतो. फ्लास्कमध्ये सामू सांभाळणारं यंत्र नसतं, म्हणून ही निवड.

विरजण आणि वाढ

साठवणीतला जिवाणू आधी न्यूट्रियंट अगारच्या बशीवर रेघा ओढून वाढवा. दोन दिवसांत सुट्या, गोल वसाहती दिसतील. त्यातली एकच उचलून न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये टाका, शेकरवर ३० अंश, मिनिटाला २०० फेरे, एक रात्र. हे झालं विरजण. मुख्य माध्यमात घालण्याआधी त्यातल्या पेशी सेंट्रिफ्यूजने खाली बसवून मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुऊन घ्या. ब्रॉथमध्ये नत्र ठासून भरलेलं असतं, आणि तो पेशींबरोबर आत गेला तर वरचं गणित बिघडतं.

मुख्य फ्लास्क ५०० मिलीचा, त्यात माध्यम १०० मिलीच. उरलेली जागा हवेसाठी आहे. तेल पचवायला प्राणवायू फार लागतो आणि अर्धा भरलेला फ्लास्क गुदमरतो. त्यात १ ग्रॅम तेल, म्हणजे साधारण १.१ मिली, आणि ५ मिली विरजणातल्या धुतलेल्या पेशी.

एक फ्लास्क लावून भागणार नाही, तीन लावा. पहिला वर सांगितल्याप्रमाणे. दुसऱ्यात युरिया चौपट, बाकी सगळं तसंच. त्यात प्लास्टिक कमी निघायला हवं. निघालं नाही तर तुमची मोजणी चुकतेय. तिसऱ्यात माध्यम आणि तेल, पण जिवाणू नाही. या तिसऱ्या फ्लास्कला शेवटपर्यंत प्रत्येक पायरीतून न्या: सेंट्रिफ्यूज, धुणं, वाळवणं, द्रावक, सगळं. शेवटी त्याच्या बशीत काहीही उरलं, तर ते तेल आहे, आणि तेवढंच तेल तुमच्या पहिल्या फ्लास्कच्या आकड्यातही लपलेलं असू शकतं. माझ्या त्या पहिल्या खेपेत हा फ्लास्क असता तर दोन दिवस मी चुकीचा आकडा सांगत फिरलो नसतो.

सुरुवातीला तेलाचे डोळे पाण्यावर तरंगत राहतात. काही तास काहीच घडत नाही असं वाटतं. जिवाणूने लायपेज सोडलं, मेदाम्लं सुटली, की तीच साबणासारखी काम करतात. तरंगणारा थर फुटून बारीक थेंब होतात आणि फ्लास्क दुधासारखा होतो. हा बदल पाहायला मला आजही आवडतं. उशीर लागतोय असं वाटलं तर अरबी गोंद घालून तेल आधीच पाण्यात बारीक थेंबांनी मिसळून घेता येतं, पण पहिल्यांदा त्याविनाच करून पाहा.

वाढ मोजायला सवयीने स्पेक्ट्रोफोटोमीटरकडे हात जाईल. इथे तो उपयोगी नाही. प्रकाश तेलाच्या थेंबांनीही विखुरतो आणि पेशीतल्या प्लास्टिकच्या कणांनीही, त्यामुळे आकडा पेशींबद्दल काहीच सांगत नाही. त्याऐवजी दर १२ तासांनी थोडं काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. फेज कॉन्ट्रास्ट असेल तर फुगलेल्या पेशींत चमकणारे दाणे रंगाशिवायही दिसतात.

४८ ते ७२ तासांत काढणी करा. जास्त दिवस ठेवलं म्हणजे जास्त मिळेल असं नाही. तेल संपलं की जिवाणू स्वतःचाच साठा मोडून खायला लागतो. तो साठा त्याने त्यासाठीच केलेला असतो.

तेल धुणं

फ्लास्कमधला सगळा द्रव पॉलिप्रॉपिलिनच्या नळ्यांत घ्या. पॉलिस्टायरीनच्या नळ्या नकोत, पुढची द्रावकं त्यांना खातात. नळ्या ४ अंशांवर, ८००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ८००० पट) जोराने, १० मिनिटं फिरवा. पाम किंवा खोबरेल असेल तर गारठ्याने उरलेलं तेल वर घट्ट झाकणासारखं गोठतं. ते चमच्याने अलगद उचलून टाका. सोयाबीन-सूर्यफूल द्रवच राहतं, ते पिपेटने ओढून घ्या. मधलं पाणी ओता. तळाला पांढरट पिवळसर पेशींचा गोळा असेल.

गोळा पाण्यात पूर्ण मोकळा करा, गुठळी ठेवू नका. मग पाण्याच्या तृतीयांश हेक्झेन घाला, झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवा, पुन्हा फिरवा. आता नळीत तीन मजले दिसतील: वर तेल घेतलेलं हेक्झेन, मधे पाणी, तळाला पेशी. दोन्ही थर काढून टाका आणि हेच आणखी दोनदा करा. शेवटच्या वेळी वरच्या हेक्झेनचा एक थेंब टिपकागदावर टाका. ते उडून गेल्यावर कागद प्रकाशासमोर धरा. अर्धपारदर्शक डाग उरला तर अजून तेल आहे, पुन्हा धुवा. डाग नसेल तर एकदा पाण्याने धुऊन थांबा. इतकी साधी परीक्षा, पण महागड्या यंत्राआधी हीच करा.

पीएचबी हेक्झेनमध्ये विरघळत नाही, म्हणून हे चालतं. स्यूडोमोनासचं लवचिक पीएचए मात्र कोमट हेक्झेनमध्ये विरघळू शकतं. त्याच्या बाबतीत गार मिथेनॉलने धुणं बरं. हेक्झेन फार झटकन पेट घेतं आणि मज्जातंतूंना अपायकारक असतं. काम फ्यूम हूडमध्ये, आसपास ज्योत किंवा हीटर नको, नळ्यांची झाकणं तपासूनच सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवायच्या.

धुतलेला गोळा फ्रीझ ड्रायरमध्ये, तो नसेल तर ६० अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन बदलायचं थांबेपर्यंत वाळवा. वरच्या गणिताप्रमाणे १०० मिलीतून ०.२२ ग्रॅम शरीर आणि त्यावर ०.४ ते ०.५ ग्रॅम पीएचबी अपेक्षित आहे, म्हणजे सारं मिळून ०.६-०.७ ग्रॅम. पहिल्यांदा यापेक्षा कमी आलं तर खचू नका, धुताना पेशी हातातून जातातच. यापेक्षा बरंच जास्त आलं तर मात्र संशय घ्या.

रंगवून पाहणं

सुदान ब्लॅक बी हा जुना, भरवशाचा रंग. काचपट्टीवर पेशींचा पातळ थर वाळवा, ७० टक्के इथेनॉलमधलं ०.३ टक्के सुदान ब्लॅक त्यावर १० मिनिटं ठेवा, झायलीनने निथळा, मग सॅफ्रानिन अर्धा मिनिट. गुलाबी पेशींत निळे-काळे दाणे दिसले की साठा झालाय. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर नाइल रेडने हेच दाणे नारिंगी उजळतात.

पण हे दोन्ही रंग चरबीलाही तितकेच चिकटतात. न धुतलेल्या नमुन्यात पेशींच्या बाहेर मोठे, वेगवेगळ्या आकारांचे गोल दिसतील, ते तेल. पीएचबीचे दाणे पेशीच्या आत असतात, अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर, आणि एका पेशीत बरेचदा आठ-दहा. नजर एकदा सरावली की गफलत होत नाही.

अचूक टक्केवारीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, म्हणजे मिश्रणातले घटक वायुरूपात एका लांब नळीतून (स्तंभातून) सोडून वेगळे करणं. वाळलेल्या पेशी क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि गंधकाम्लात १०० अंशांवर तापवल्या की साखळी तुटून मिथाइल एस्टर बनतात. तेलाचेही बनतात, पण ते स्तंभातून बरेच उशिरा बाहेर येतात आणि वेगळे दिसतात. म्हणून ही पद्धत तेलाला फसत नाही. यंत्र जवळ नसेल तर शेजारच्या विभागात विचारा, पाच नमुन्यांसाठी कुणी नाही म्हणत नाही.

प्लास्टिक बाहेर काढणं

वाळलेल्या पेशी खलात बारीक करा. ०.५ ग्रॅमला ५० मिली क्लोरोफॉर्म, काचेच्या झाकणबंद बाटलीत, फ्यूम हूडमध्ये, चुंबकीय ढवळणीवर साध्या तापमानाला तीन-चार दिवस. तापवून हे काही तासांत होतं, पण क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतं. वाफ गार करून परत बाटलीत आणणारी परतवाह नळी नसेल तर तापवू नका. द्रव हळूहळू दाटसर होतो. पीएचबी विरघळल्याची ती खूण आहे. मग गाळणकागदातून गाळा. पेशींची सालं वर राहतात, खाली निवळ द्रावण येतं.

बर्फात गार केलेलं दहापट मिथेनॉल ढवळत ठेवा आणि त्यात हे द्रावण थेंबाथेंबाने सोडा. प्रत्येक थेंबाबरोबर पांढरे, कापसासारखे तंतू उमटत जातात. घाई करून एकदम ओतलंत तर चिकट लगदा होतो आणि त्यात मळ अडकतो. तंतू गाळून, एकदा हेक्झेनने धुऊन वाळवा. शेवटचं हे धुणं टाळू नका, कारण क्लोरोफॉर्ममध्ये उरलंसुरलं तेलही विरघळून आलेलं असतं.

काही ठिकाणी पेशी आधी सोडियम हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचने, जाळून घ्यायला सांगतात. त्याने शुद्धता वाढते, पण साखळ्याही तुटतात. ते वापरलंच तर त्याला आम्ल, अमोनिया, ॲसिटोन किंवा अल्कोहोल लागू देऊ नका. विषारी वायू निघतात. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोनही एकत्र करायचं नाही, अल्कली असेल तर स्फोट होऊ शकतो. क्लोरोफॉर्मचा टाकाऊ द्रव क्लोरीनयुक्त द्रावकांच्या वेगळ्या बाटलीत जातो, बेसिनमध्ये कधीच नाही.

पापुद्रा

०.४ ग्रॅम तंतू २० मिली क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा आणि ९ सेंटिमीटरच्या काचेच्या पेट्री बशीत ओता. काचेचीच बशी. नेहमीच्या पारदर्शक बशा पॉलिस्टायरीनच्या असतात, त्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतात, आणि मग तुम्ही पॉलिस्टायरीनचाच पापुद्रा जिवाणूंच्या नावावर खपवाल. बशीवर भोकं पाडलेली ॲल्युमिनियमची चकती झाका म्हणजे द्रावक सावकाश उडेल. भराभर उडालं तर बुडबुडे आणि सुरकुत्या पडतात. एक-दोन दिवसांनी कडेने पातळ पातं फिरवा, पापुद्रा उठून येईल. पीएचबीची घनता सुमारे १.२५ असते, त्या हिशेबाने जाडी ०.०५ मिलिमीटर भरते.

पहिल्या दिवशी तो वाकवून पाहा आणि दहा दिवसांनी पुन्हा वाकवा. पहिल्या दिवशी तो वळतो, नंतर कट्कन मोडतो. पीएचबीचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली साखळ्या जागीच गोठून राहतात ते तापमान, साधारण ४ अंश आहे, त्यामुळे खोलीच्या तापमानाला त्याच्या साखळ्या हळूहळू स्फटिकांत रचल्या जात राहतात आणि तो ठिसूळ होत जातो. दुसरी अडचण वितळण्याची. तो १७५ ते १८० अंशांना वितळतो आणि २०० च्या पुढे साखळ्या तुटू लागतात, साच्यात ओतायला फटच उरत नाही.

यावर उपाय म्हणजे साखळीत मधूनमधून वेगळा मणी ओवणं. तेलासोबत थोडं सोडियम प्रोपिओनेट किंवा व्हॅलेरेट दिलं की पाच कर्बांचा मणी येतो आणि पापुद्रा मऊ होतो. मात्र जास्त झालं तर जिवाणूला विषारी पडतं, लिटरमागे १ ग्रॅमच्या आत राहा. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने अशाच मिश्र साखळीचं बायोपोल बनवलं होतं आणि १९९० मध्ये जर्मनीत त्याची शाम्पूची बाटली बाजारात आली. जपानची कानेका कंपनी वनस्पती तेलावर वाढवलेल्या, जनुकीय बदल केलेल्या नेकेटरकडून सहा कर्बांचा मणी ओवून घेते. महागाई मात्र अजून सुटलेली नाही. खनिज तेलाच्या प्लास्टिकपुढे पीएचए आजही बरंच महाग पडतं, आणि त्यात पेशीतून प्लास्टिक सोडवण्याचा वाटा मोठा आहे. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांनी क्लोरोफॉर्मशिवाय ते सोडवायच्या वाटा शोधाव्यात असं मला मनापासून वाटतं.

मातीत पुरणं

पापुद्र्याचे २ सेंटिमीटरचे सहा चौकोन कापा, प्रत्येकाचं वजन ०.१ मिलिग्रॅमपर्यंत लिहून ठेवा. तीन चौकोन बागेतल्या, खत घातलेल्या ओलसर मातीत, तीन त्याच पण ऑटोक्लेव्ह केलेल्या मातीत, बोटभर खोल, नायलॉनच्या जाळीच्या पाकिटात. सोबत पॉलिथिनचा तसाच एक तुकडा. जागा २५ ते ३० अंशांची, माती मुठीत दाबली तर गोळा व्हावी इतकी ओली. दर दोन आठवड्यांनी काढा, मऊ ब्रशने माती झाडा, पाण्यात विसळून वाळवा आणि तोला.

जिवंत मातीतले चौकोन आधी गुळगुळीतपणा सोडतात. भिंगातून पाहिलं तर पृष्ठभागावर खळगे पडलेले असतात, कारण मातीतले जिवाणू आणि बुरशी विकरं सोडून त्याला वरून खात आत जातात. म्हणूनच पातळ पापुद्रा लवकर संपतो आणि जाड तुकड्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. मृत मातीतल्या चौकोनांचं वजन जवळजवळ तसंच राहायला हवं. पहिल्याच तोलात दोन्हीकडचं वजन सारखंच आणि एकदम घसरलं असेल, तर माती काही करत नाहीये. पापुद्र्यातलं उरलेलं क्लोरोफॉर्म उडतंय किंवा तेल झिरपतंय. चौकोन ४० अंशांना रात्रभर वाळवा, टिपकागदात दाबून प्रकाशासमोर धरा, आणि डाग नसेल तरच नव्याने तोलून पुन्हा पुरा.